वाड्याचे अपार्टमेंट करताना

महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा, १९७० याचे नाव सहसा काँक्रीटच्या नव्या इमारतींच्या संदर्भात ऐकू येते. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात, गुलमंडी आणि राजाबाजार यांच्या दरम्यानच्या एका बोळात आमचा दगड, वीट, चुना आणि सागवान यांचा दुमजली वाडा आहे, आणि तो पाडण्याऐवजी आम्ही त्याचे या कायद्याखाली सहा अपार्टमेंट केले. हा कायदा कोणत्याही इमारतीला आपोआप लागू होत नाही. इमारतीत किमान पाच सदनिका असाव्या लागतात आणि सर्व मालकांनी मिळून घोषणापत्र करून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते, म्हणजे एकाही वारसाने सही नाकारली तर काम तिथेच थांबते. बँकेतून निवृत्त झालेली घरातली मी एकटीच असल्यामुळे कागदांचे सगळे काम माझ्याकडे आले.

आमच्यापुढे इतर पर्याय नव्हते असे नाही. एका बिल्डरने वाडा पाडून वर मजले चढवण्याचा प्रस्ताव दिला होता; त्याच्या आराखड्यात जिना नेमका आडावर येत होता. दुसरा पर्याय सरसनिरस मानाने, म्हणजे चांगल्या-वाईट जागेचा मेळ घालून, वाटप करून भिंती घालून घेण्याचा होता. शेजारच्या दोन वाड्यांत तसे झालेले आम्ही पाहत आलो आहोत: चौकाच्या मधोमध विटांची भिंत, तुळशी वृंदावन एका भावाकडे, आड दुसऱ्याकडे, आणि पावसाचे पाणी दोघांकडेही तुंबलेले. सहकारी संस्था केली असती तर जमीन व इमारत संस्थेच्या नावे झाली असती आणि आमच्याकडे केवळ भागभांडवल व भोगाधिकार राहिला असता. घरातल्या ज्येष्ठांना ते पटण्यासारखे नव्हते. अपार्टमेंटच्या कायद्यात प्रत्येकाची सदनिका त्याच्या स्वतंत्र मालकीची राहते, तिच्यासोबत जमिनीत व सामाईक भागांत ठरावीक टक्क्यांचा अविभक्त हिस्सा येतो, आणि मुख्य म्हणजे सामाईक भागांची वाटणी कोणालाही मागता येत नाही. चौकात भिंत उभी राहणार नाही याची कायदेशीर हमी आम्हाला एवढ्या एकाच मार्गात दिसली.

पहिली अडचण मालकीच्या कागदांची होती. पणजोबांचे खरेदीखत निजामी अमलातले, उर्दूत लिहिलेले आणि फसली १३४३ सालचे, म्हणजे इसवी सन १९३३-३४ मधले आहे; किंमत हाली शिक्क्याच्या, म्हणजे निजामाच्या चलनातल्या, रुपयांत आणि क्षेत्र गजांत नोंदलेले आहे. चतुःसीमांमध्ये ज्यांची नावे आहेत त्यांपैकी एकही कुटुंब आज त्या जागी राहत नाही. उर्दू जाणणाऱ्या एका वृद्ध दस्तलेखकाकडून आम्ही भाषांतर करून प्रतिज्ञापत्रासह घेतले, नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढले आणि दोन्ही क्षेत्रांचा मेळ घातला. फरक निघाला तो मागच्या बाजूच्या संडासाच्या बोळाचा. जुन्या काळी सफाईसाठी सोडलेली ती अरुंद पट्टी खरेदीखतात होती, मालमत्ता पत्रकावर नव्हती. वकिलांनी ती घोषणापत्रातून वगळण्याचा सल्ला दिला आणि आम्ही तो मानला. काही चौरस मीटरसाठी सगळा दस्त अडकवून ठेवण्यात अर्थ नव्हता.

वारसांच्या बैठकीत आत्यांचा प्रश्न निघणार हे मला ठाऊक होते. त्या जालन्याला राहतात, वय ऐंशीच्या पुढे आहे, आणि त्या हक्कसोडपत्रावर सही करतील असे माझ्या चुलत भावांनी मनाशी धरूनच ठेवले होते. हिंदू वारसा कायद्यातील २००५ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल यांनंतर मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क मुलाइतकाच आहे, हे मी बैठकीत सांगितले तेव्हा थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग थोरल्या दादांनी आत्यांना विचारले, “आत्या, तुमच्या हिश्शाची रक्कम किती धरायची ते सांगा, आम्ही गोळा करतो.” आत्या म्हणाल्या, “रक्कम कशाला? वरची माडी माझ्या नावानं लिहा. मी तिथं राहीन न राहीन.” त्या माडीचे क्षेत्र सगळ्यात कमी आहे आणि तिथे जायचा जिना सगळ्यात उभा. तिच्यापेक्षा मोठी सदनिका त्यांच्या वाट्याला येत होती, ती त्यांनी स्वतःहून सोडली आणि फरकाची रक्कम दुरुस्तीच्या खात्यात जमा करायला सांगितली. चार शाखांच्या चार सदनिका ठरल्या; उरलेल्या दोन बाहेरच्या कुटुंबांना विकून त्या पैशांतून दुरुस्ती करायची, असा निर्णय झाला. आठपेक्षा जास्त सदनिका नसल्यामुळे रेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाकडची, नोंदणी लागली नाही, हा एक व्याप वाचला.

खरा विषय त्यानंतर सुरू झाला, आणि तो भिंतींचा होता. घोषणापत्रात जमीन, इमारतीचे मजले, बांधकामाचे मुख्य साहित्य, प्रत्येक सदनिकेचे क्षेत्र व खोल्या, सामाईक व मर्यादित सामाईक भाग, मिळकतीचे व प्रत्येक सदनिकेचे मूल्य आणि त्यावरून निघणारी टक्केवारी असे सगळे लिहावे लागते. कायद्याने पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती, छत, जिने आणि येण्याजाण्याचे मार्ग सामाईक ठरवले आहेत. काँक्रीटच्या इमारतीत भार खांब-तुळयांवर असतो आणि आतल्या भिंती नुसत्या आडोशाच्या असतात. आमच्याकडे तळमजल्याची एकही भिंत आडोशाची नाही. अडीच फूट जाडीच्या त्या सगळ्या भिंती वरचा मजला आणि माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, पेलण्यासाठी बांधलेल्या आहेत. त्यामुळे वास्तुविशारद बाईंनी नकाशावर सामाईक भाग रंगवून आणले तेव्हा वाड्याचा बराचसा घन भाग एकाच रंगाचा झालेला होता, आणि प्रत्येकाची खासगी मालकी भिंतींच्या मधल्या पोकळीपुरती उरली होती. धाकट्या काकांनी तो नकाशा बराच वेळ न्याहाळला आणि आपण विकत काय घेतो आहोत असे विचारले. प्रश्न रास्त होता.

कोनाड्यांचे काय करायचे, हा वाद मला आजही गमतीचा वाटतो, पण त्या वेळी तो गंभीरपणे लढवला गेला. जाड भिंतींमध्ये देवळ्या, कोनाडे आणि सागवानी दारांची कपाटे कोरलेली आहेत. भिंत सामाईक असेल तर तिच्यातले कपाट कोणाचे? आणि सामाईक भिंतीच्या दोन्ही अंगांना कोनाडे असतील तर एकाने आपला कोनाडा खोल करायला घेतल्यास दुसऱ्याकडे भगदाड पडायला वेळ लागणार नाही. शेवटी ते सगळे कोनाडे व कपाटे मोजून, क्रमांक देऊन, त्या त्या सदनिकेच्या वापरासाठी राखलेले मर्यादित सामाईक भाग म्हणून परिशिष्टात टाकले, आणि त्यांची खोली, रुंदी वा चौकट बदलता येणार नाही अशी अट घातली. क्षेत्राची मोजणीही आतून, भिंतीच्या गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत केली. बाहेरून मोजले असते तर जाड भिंतींमुळे तळमजल्यावरच्यांचे क्षेत्र फुगले असते, क्षेत्रामुळे मूल्य आणि मूल्यामुळे खर्चाचा वाटाही.

टक्केवारीचा हिशेब क्षेत्रावर नसून मूल्यावर असतो, आणि त्याच प्रमाणात सामाईक खर्च येतो. बहुमतही डोकी मोजून ठरत नाही. घोषणापत्रात मतांसाठी जी टक्केवारी दिलेली असते तिच्या ५१ टक्के वा त्याहून अधिक मतांनी ते ठरते. रस्त्यावरचे दुकान थोरल्या दादांच्या शाखेकडे गेले. त्या दुकानात जुना भाडेकरू आहे. पूर्वी मराठवाड्यात लागू असलेल्या १९५४ च्या हैदराबाद भाडे नियंत्रण कायद्याच्या काळापासून चालत आलेले ते भाडे आता १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली संरक्षित आहे. दादांचे म्हणणे असे की बाजारभावाने मूल्य धरले तर खर्चाचा सर्वांत मोठा बोजा त्यांच्यावर आणि भाडे मात्र नाममात्र. मूल्यांकन करणाऱ्यांनी भाडेकरूचा बोजा विचारात घेऊन आकडा खाली आणला आणि अखेर २६, २०, १७, १५, १३ आणि ९ अशी टक्केवारी ठरली. शेवटचे ९ टक्के आत्यांच्या माडीचे. ही टक्केवारी पुढे सर्वांच्या संमतीशिवाय बदलता येत नाही, म्हणून तिच्यावर जितका वेळ गेला तो मला वाया गेल्यासारखा वाटत नाही.

माळवदाचा प्रश्न मात्र मूल्य आणि टक्के यांच्या पलीकडचा होता. सागवानी तुळया, त्यांवर पाट आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर, अशी आमच्या वाड्याची छते होती. दर काही वर्षांनी पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही, या रिवाजाने ती माती दोन फुटांच्या घरात गेली होती. अभियंत्यांनी तिचे वजन दर चौरस मीटरला सुमारे एक टन धरले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसे गेली, त्याचे एक मोठे कारण हेच होते: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आतल्या-बाहेरच्या दोन थरांना जोडणारे बंधदगड नाहीत, आणि डोक्यावर मातीचे अवजड छत. आमच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असल्याने स्थिती तुलनेने बरी होती, तरी तो भार उतरवल्याशिवाय संरचनेच्या स्थैर्याचे प्रमाणपत्र देणार नाही, असे अभियंत्यांनी स्पष्ट सांगितले. लातूरकडचे नातेवाईक असलेल्या आमच्या काकूंना ते समजावून सांगावे लागले नाही.

माती उतरवल्यावर तुळयांची खरी अवस्था दिसली. भिंतीत शिरलेल्या टोकांना दोन ठिकाणी वाळवी लागली होती, आणि दोन्ही ठिकाणी बाहेरून पूर्वी कधीतरी सिमेंटची दरजभरणी, म्हणजे दगड-विटांमधल्या सांध्यांची भरणी, झालेली होती. आमचे गवंडी खुलताबादकडचे, वडिलांपासून चुन्याचे काम केलेले. ते म्हणाले, “ताई, चुन्याच्या भिंतीला सिमिट लावलं की आतली वल आतच राहती. मंग लोणा सुटतो, लाकूड कुजतं.” त्यामागचे शास्त्र साधे आहे. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो आणि जमिनीतून वा पावसातून आलेला ओलावा बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा घट्ट थर तो अडवतो, पाणी वाट काढत लाकडापर्यंत पोहोचते आणि क्षार साचून विटेचे पापुद्रे सुटतात. सगळी सिमेंटची दरजभरणी छिन्नीने काढून पुन्हा चुन्यात भरली. चुना भिजवून मुरवण्यातच कित्येक आठवडे गेले, आणि त्या काळात बाहेरच्या दोन्ही खरेदीदारांचा ताबा लांबल्यामुळे त्यांच्या फोनना उत्तरे देणे हे माझे रोजचे काम होऊन बसले. कुजलेली टोके कापून तिथे जुन्या सागवानाचे तुकडे सांध्यात बसवले; शहरात पाडल्या जाणाऱ्या वाड्यांचे लाकूड वखारीत मिळते, हे सोयीचे आहे आणि वाईटही वाटते. छतावर मातीऐवजी विटांचे तुकडे घालून चुन्याचा पातळ कोबा केला.

वाड्यात पूर्वी न्हाणी आणि संडास मागच्या अंगणात होते. सहा कुटुंबांना सहा स्वच्छतागृहे हवीत म्हणताच सर्वांनी आपापल्या सोयीच्या कोपऱ्यांवर बोट ठेवले. वास्तुविशारद बाईंनी ती सगळी मागच्या दगडी भिंतीलगत, एकावर एक येतील अशीच बसवली आणि घोषणापत्रात नोंदवून घेतली, म्हणजे पुढे कोणी माजघराचे न्हाणीघर करून खालच्याच्या छताच्या पाटांवर पाणी सोडणार नाही. धाकट्या काकांच्या सुनेला स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला हवे होते. त्यांची नाराजी अजून पुरती गेलेली नाही.

पाण्याचे सांगायला हवे, कारण या शहरात घर म्हटले की तो प्रश्न आधी येतो. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या नहरीचे पाणी आमच्या चौकातल्या हौदात येत असे, असे आजोबा सांगत. आज महापालिकेचे पाणी जायकवाडीहून येते आणि रोज येत नाही. म्हणून जमिनीखालची साठवण टाकी, पंप आणि विजेचे मीटर हे सामाईक ठेवले आणि प्रत्येक सदनिकेला स्वतंत्र जलमापक बसवले. दुकानाला पाणी जवळजवळ लागत नाही, म्हणून पाण्याचा खर्च मापकाप्रमाणे आणि पंपाच्या दुरुस्तीचा खर्च टक्केवारीने, असा फरक उपविधींत केला. छतावरचे पाणी नळ्यांनी आडात सोडले. शहरात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. सव्वादोनशे चौरस मीटर छतावर त्याचे दीड लाख लिटरच्या वर पाणी होते. त्यातले निम्मे जरी मुरले तरी उन्हाळ्यात धुण्याभांड्याचा प्रश्न सुटतो.

घोषणापत्रातल्या एका कलमावर वकिलांनी आम्हाला पुन्हा पुन्हा विचार करायला लावले. इमारतीचे नुकसान झाले तर दुरुस्ती करायची, पुन्हा बांधायची की विकायची, हे किती टक्के मतांनी ठरेल ते आधीच लिहून ठेवावे लागते. नव्या इमारतीत हे कलम छापील मसुद्यातले म्हणून वाचले जाते. शंभर-सव्वाशे वर्षांच्या वाड्यात ते उद्या लागू शकते. नुकसानीनंतर साठ दिवसांत मालकांनी दुरुस्तीचा निर्णय घेतला नाही तर मिळकत सर्वांच्या सामाईक मालकीची होते आणि कोणीही वाटणीचा दावा लावू शकतो. म्हणजे ज्यातून सुटायला हा सगळा खटाटोप केला तिथेच परत. आम्ही दुरुस्तीसाठी ५१ टक्के आणि विक्रीसाठी ८५ टक्के मते ठेवली. त्यामुळे १७ टक्क्यांचे किंवा त्याहून मोठे कोणतेही एक कुटुंब विक्री एकट्याने अडवू शकते, आणि छोट्या सदनिकांचे दोघे एकत्र आले तरी अडवू शकतात. याला दादांचा विरोध होता आणि त्यांच्या मुद्द्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही, कारण इमारत खरोखरच राहण्यालायक उरली नाही तर अडवणुकीची ताकद सगळ्यांनाच महाग पडेल.

नोंदणी त्या मानाने शांतपणे झाली. वास्तुविशारदाने प्रमाणित केलेले प्रत्येक मजल्याचे नकाशे जोडून घोषणापत्र आणि त्यापाठोपाठ प्रत्येकाचे अपार्टमेंट खत नोंदवले गेले. आत्यांना वरच्या मजल्यावरच्या कार्यालयात खुर्चीवर बसवून न्यावे लागले. बाहेरच्या दोन खरेदीदारांपैकी एकाला एका बँकेने इमारतीच्या वयावरून कर्ज नाकारले. दुसऱ्या बँकेने स्थैर्याचे प्रमाणपत्र आणि नोंदवलेले घोषणापत्र पाहून दिले, मात्र परतफेडीची मुदत कमी ठेवली. विम्याच्या बाबतीत लाकडी छतासाठी जादा हप्ता मागितला गेला आणि आम्ही तो मान्य केला.

आता राहण्याचे. बोळात मोटार येत नाही, म्हणून वाहनतळाचा वाद नाही. दुचाक्या ढेळजेत लागतात आणि रात्री दिंडी दरवाजा शेवटी येणारा लावतो. वातानुकूलन यंत्राचे बाहेरचे डबे दर्शनी भिंतीवर लावायचे नाहीत, हा नियम सगळ्यांनी पाळला आहे. उन्हाळ्यात चौकात कुरडया-पापड कोणाचे कधी वाळायचे याचा नियम उपविधींत नाही आणि असू नये, असे माझे मत आहे. फोडणीचा वास आणि दूरदर्शन संचाचा आवाज चौकातून सर्वांकडे पोहोचतो. बाहेरून आलेल्या तरुण जोडप्याला पहिले काही महिने ते जड गेले. मग त्यांना बाळ झाले आणि तक्रारींची दिशा बदलली. गणेशोत्सवात संस्थान गणपतीची मिरवणूक निघते तेव्हा पुढच्या सज्जात सहाही घरांचे पाहुणे असतात, त्या सज्जाच्या तुळया तेवढ्याकरता अभियंत्यांकडून वेगळ्या तपासून घेतल्या आहेत आणि एका वेळी किती जणांनी उभे राहायचे याची पाटीही लावली आहे.

सामाईक खर्चाची थकबाकी एकदाच झाली, आणि ती बाहेरच्यांची नव्हती, आमच्याच चुलत भावाची होती. तो पुण्याला असतो, सदनिका बंद असते, आणि मी राहत नाही तर देऊ कशाला, असे त्याचे म्हणणे. सामाईक खर्चाची थकीत रक्कम सदनिकेवर बोजा म्हणून चढते आणि सदनिका विकताना ती चुकती करावीच लागते, असे मी त्याला पत्राने कळवले. फोनवर बोलले असते तर ते बहिणीचे रागावणे झाले असते. पत्र व्यवस्थापकांच्या सहीचे होते. पैसे आले, पत्राला उत्तर मात्र आले नाही, आणि दिवाळीत तो नेहमीसारखा फराळाला आला.

सध्या गच्चीचा विषय चालू आहे. धाकट्या काकांच्या मुलाला नव्या कोब्यावर पत्र्याची एक खोली बांधायची आहे, अभ्यासिकेसाठी. वजन फारसे नाही, असे अभियंतेही म्हणतात. पण इमारतीत भर घालणारे कोणतेही बांधकाम करायला इतर सर्व मालकांची आधी संमती लागते, बहुमत चालत नाही, आणि आत्यांच्या माडीची एकमेव खिडकी त्याच बाजूला उघडते. त्यांनी नकाशा जालन्याला मागवून घेतला आहे आणि खोलीची जागा चार फूट पश्चिमेला सरकवली तर विचार करीन, असे कळवले आहे. पश्चिमेला पाण्याच्या टाक्या आहेत. पुढची सभा पावसाळ्यानंतर आहे. त्याआधी टाक्या हलवायचा खर्च कोणी करायचा, एकट्या मागणाऱ्याने की सगळ्यांनी टक्केवारीने, याचे टिपण मला तयार करायचे आहे.